न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर : विधिमंडळ आणि न्यायालय यांच्या सीमारेषेवरील सरन्यायाधीश

भारतीय न्यायव्यवस्थेच्या इतिहासात १९६४ या वर्षाला एक वेगळे स्थान आहे. त्या वर्षी मार्च महिन्यात उत्तर प्रदेशच्या विधानसभेने अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या दोन विद्यमान न्यायाधीशांना ताब्यात घेऊन सभागृहासमोर उभे करण्याचा ठराव संमत केला. उत्तरादाखल उच्च न्यायालयाचे २८ न्यायाधीश एका पीठावर एकत्र बसले आणि त्यांनी त्या ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. राज्यघटना अंमलात येऊन जेमतेम चौदा वर्षे झाली असताना तिचे दोन आधारस्तंभ एकमेकांसमोर उभे ठाकले होते. हा पेच सोडविण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आली, ते सरन्यायाधीश म्हणजे न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. पद स्वीकारून तेव्हा त्यांना दोन महिनेही पूर्ण झाले नव्हते.

न्या. गजेंद्रगडकर यांच्या निधनाला आता चार दशकांहून अधिक काळ लोटला आहे. मात्र न्यायाधीशांवर देखरेख कोणी ठेवायची, विधिमंडळाच्या निर्णयाची तपासणी न्यायालय करू शकते काय आणि या दोन्ही संस्थांनी परस्परांचा आदर कसा राखायचा, हे प्रश्न आजही वारंवार पुढे येतात. त्या दृष्टीने त्यांचे जीवन आणि कार्य समजून घेणे उपयुक्त ठरते.

साताऱ्यातील बालपण आणि शिक्षण

प्रल्हाद गजेंद्रगडकर यांचा जन्म १६ मार्च १९०१ रोजी सातारा येथे झाला. घराण्याचे मूळ आजच्या कर्नाटकातील गजेंद्रगड या गावचे. आडनावही त्यावरूनच आलेले. घरात संस्कृत विद्येची जुनी परंपरा होती. वडील बाळाचार्य हे संस्कृतचे विद्वान होते, तर वडीलबंधू अश्वत्थामाचार्य यांनी संस्कृतचे प्राध्यापक आणि ग्रंथसंपादक म्हणून लौकिक मिळविला. शास्त्रवचनाचा अर्थ लावताना पूर्वपक्ष नीट मांडायचा, त्याला न्याय द्यायचा आणि मगच सिद्धान्ताकडे यायचे, ही शिस्त प्रल्हाद यांना घरातूनच लाभली. पुढे त्यांच्या निकालपत्रांतही ती दिसून येते. ज्या पक्षाच्या विरोधात निर्णय द्यायचा, त्याची बाजू ते आधी विस्ताराने मांडत असत.

शालेय शिक्षण साताऱ्यात झाल्यानंतर त्यांनी धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयात दोन वर्षे अध्ययन केले. त्यानंतर ते पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात आले आणि १९२४ साली एम. ए. झाले. पुण्यातीलच विधी महाविद्यालयातून १९२६ साली त्यांनी कायद्याची पदवी सन्मानपूर्वक मिळविली आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या अपिलीय शाखेत वकिलीला प्रारंभ केला.

हिंदू कायदा हा त्यांच्या विशेष अभ्यासाचा विषय होता. या विषयाला वाहिलेल्या एका त्रैमासिकाचे त्यांनी संपादन केले. दत्तकविधानावरील नंद पंडितांच्या दत्तकमीमांसा या ग्रंथाची चिकित्सक आवृत्तीही त्यांनी सिद्ध केली. मूळ संस्कृत संहिता वाचू शकणारा वकील म्हणून अपिलीय शाखेत त्यांचा दबदबा निर्माण झाला. तथापि, शास्त्रांचा हा अभ्यास त्यांना सनातनी बाजूकडे घेऊन गेला नाही. सामाजिक सुधारणेला शास्त्राची आडकाठी नसते, असल्यास कायद्याने ती दूर केली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती.

मुंबई उच्च न्यायालयातील कारकीर्द

मार्च १९४५ मध्ये त्यांची मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदी नियुक्ती झाली. पुढील सुमारे बारा वर्षांचा काळ देशाच्या दृष्टीनेही स्थित्यंतराचा होता. स्वातंत्र्य मिळाले, राज्यघटना आली आणि जुने कायदे नव्या मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासले जाऊ लागले.

याच काळात, १९५१ साली, मुंबई राज्य विरुद्ध नरसू आप्पा माळी हा खटला मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांच्यासमोर आला. हिंदूंमधील द्विभार्या प्रथेला प्रतिबंध करणाऱ्या मुंबई प्रांताच्या १९४६ च्या कायद्याला त्यात आव्हान देण्यात आले होते. दोन्ही न्यायमूर्तींनी आपापली स्वतंत्र निकालपत्रे लिहून हा कायदा वैध ठरविला. विधिमंडळ सामाजिक सुधारणा टप्प्याटप्प्याने करू शकते, सर्व समाजांसाठी ती एकाच वेळी केली नाही म्हणून कायदा घटनाबाह्य ठरत नाही, असे त्यांनी मानले. त्याच निकालात वैयक्तिक कायदे घटनेच्या कलम १३ च्या कक्षेत येत नाहीत, असेही म्हटले गेले. या दुसऱ्या निष्कर्षावरचा वाद आजही थांबलेला नाही.

अधिकारविभागणीचा प्रश्न त्यांच्यासमोर प्रथम ठळकपणे आला तो मात्र न्यायालयाबाहेर, बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनाच्या निमित्ताने. १९५४ साली श्रम अपिलीय न्यायाधिकरणाने बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनाबाबत दिलेल्या निर्णयात केंद्र सरकारने आपल्या अधिकारात फेरबदल केला. न्यायिक स्वरूपाच्या संस्थेने दिलेला निर्णय सरकारने बदलावा, हे तत्कालीन श्रममंत्री व्ही. व्ही. गिरी यांना पटले नाही. त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. देशभर असंतोष पसरल्यानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाचे प्रमुख न्या. राजाध्यक्ष यांचे काम पूर्ण होण्यापूर्वीच निधन झाले आणि ही जबाबदारी न्या. गजेंद्रगडकर यांच्याकडे आली. १९५५ साली त्यांनी सादर केलेल्या अहवालाच्या आधारे संसदेने कायदा केला आणि हा वाद मिटला. न्यायाधिकरणाचा निर्णय शासनाने परस्पर बदलण्यापेक्षा निष्पक्ष चौकशी आणि संसदेचा कायदा या मार्गाने गेल्यास तोडगा सर्वांना मान्य होतो, हे या प्रकरणातून दिसून आले.

सर्वोच्च न्यायालयात

जानेवारी १९५७ मध्ये न्या. गजेंद्रगडकर सर्वोच्च न्यायालयात रुजू झाले. औद्योगिक विवाद हे क्षेत्र त्यांनी अल्पावधीतच आपल्या निकालांनी घडविले. कामगारांना बोनस कसा मोजून द्यावा, किमान वेतन देण्याची मालकाची जबाबदारी कुठवर जाते, अशा प्रश्नांवर त्यांनी दिलेले निर्णय पुढे अनेक वर्षे लवादांना मार्गदर्शक ठरले.

घटनात्मक प्रश्नांवरील त्यांच्या निर्णयांत १९६० सालचे बेरुबारी प्रकरण महत्त्वाचे आहे. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोझ खान नून यांच्यात १९५८ साली झालेल्या करारानुसार बेरुबारी भागाचा काही हिस्सा पाकिस्तानला द्यावयाचा होता. सरकार केवळ कराराच्या बळावर हे करू शकते काय, असा प्रश्न राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाकडे अभिप्रायासाठी पाठविला. न्यायालयाचे मत न्या. गजेंद्रगडकर यांनी लिहिले. देशाचा भूभाग दुसऱ्या राष्ट्राला द्यावयाचा असेल तर त्यासाठी घटनादुरुस्ती आवश्यक आहे, असे त्यात सांगण्यात आले. त्यानुसार त्याच वर्षी संसदेने नववी घटनादुरुस्ती केली. शासनाला जे एकट्याने करता येत नाही त्यासाठी संसदेची संमती लागते, ही मर्यादा या अभिप्रायाने स्पष्ट केली.

१९६२ साली एम. आर. बालाजी विरुद्ध म्हैसूर राज्य या खटल्यात त्यांनी शिक्षणसंस्थांतील ६८ टक्के आरक्षणाचा आदेश रद्द ठरविला. विशेष तरतुदी सर्वसाधारणपणे ५० टक्क्यांच्या आत असाव्यात, हे सूत्र प्रथम या निकालात मांडले गेले. १९६३ साली माखन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात, चीन युद्धाच्या वेळी जाहीर झालेल्या आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या व्यक्तींच्या याचिकांवर त्यांनी बहुमताचा निकाल लिहिला. काही मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग आणीबाणीत बंद झाला असला, तरी स्थानबद्धतेचा आदेश दुष्ट हेतूने काढला आहे किंवा तो मूळ कायद्यालाच धरून नाही, अशा कारणांवर दाद मागता येते, असे त्यात म्हटले होते. बंद दरवाजाला ठेवलेली ही फट १९७६ सालच्या जबलपूर प्रकरणातील चर्चेत पुन्हा महत्त्वाची ठरली.

सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा निवृत्त झाल्यानंतर १ फेब्रुवारी १९६४ रोजी न्या. गजेंद्रगडकर देशाचे सरन्यायाधीश झाले. सेवाज्येष्ठतेने त्यांच्या आधी असलेले न्या. जाफर इमाम यांची प्रकृती बरी नसल्याने हे पद त्यांच्याकडे आले होते.

गोरखपूरचे पत्रक आणि लखनौचा संघर्ष

संघर्षाची सुरुवात अगदी साध्या गोष्टीतून झाली. गोरखपूर येथील केशव सिंग या समाजवादी कार्यकर्त्याने आपल्या सहकाऱ्यांसह एक पत्रक छापले. त्यात सत्ताधारी काँग्रेसच्या एका आमदारावर आरोप होते. विधानसभेने हा सभागृहाचा अवमान आणि सदस्याचा हक्कभंग मानला आणि संबंधितांना ताकीद देण्याचे ठरविले. सहकारी हजर झाले. केशव सिंग मात्र रेल्वेच्या तिकिटाला पैसे नसल्याचे सांगून लखनौला गेले नाहीत. अखेर १४ मार्च १९६४ रोजी त्यांना पकडून सभागृहासमोर आणण्यात आले. सभाध्यक्षांकडे पाठ करून ते उभे राहिले आणि विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली नाहीत. त्यांनी सभाध्यक्षांना पाठविलेले कडक शब्दांतील एक पत्रही सभागृहापुढे होते. मुख्यमंत्री सुचेता कृपलानी यांच्या प्रस्तावावरून सभागृहाने त्यांना सात दिवसांच्या कारावासाची शिक्षा दिली.

१९ मार्च रोजी, म्हणजे शिक्षा संपत आली असताना, त्यांच्या वतीने एका वकिलाने अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठापुढे बंदी प्रत्यक्षीकरण याचिका दाखल केली. दुपारच्या सुनावणीस सरकारतर्फे कोणी उपस्थित राहिले नाही. न्या. नसिरुल्ला बेग आणि न्या. जी. डी. सहगल यांनी याचिका दाखल करून घेतली आणि केशव सिंग यांना जामिनावर सोडण्याचा आदेश दिला.

विधानसभेला हा हस्तक्षेप आपल्या अधिकारावरील आक्रमण वाटला. २१ मार्च रोजी सभागृहाने ठराव केला. केशव सिंग, त्यांचे वकील आणि दोन्ही न्यायाधीश यांनी सभागृहाचा अवमान केला असून त्यांना ताब्यात घेऊन सभागृहासमोर आणावे, असा त्याचा आशय होता. २३ मार्च रोजी न्यायाधीशांना स्वतःच याचिकाकर्ते म्हणून आपल्याच उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. ते दोघे वगळता अन्य २८ न्यायाधीशांच्या पूर्णपीठाने वॉरंटच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली. २५ मार्च रोजी विधानसभेने काहीशी माघार घेतली. वॉरंट मागे घेण्यात आली, परंतु न्यायाधीशांनी सभागृहासमोर येऊन स्पष्टीकरण द्यावे, असा आग्रह कायम राहिला. पूर्णपीठाने त्यालाही स्थगिती दिली.

आता पोलिसांनी कोणाचा आदेश पाळायचा, हा प्रश्न होता. सभागृहाचा आदेश पाळला तर न्यायालयाचा अवमान होणार आणि न्यायालयाचा पाळला तर सभागृहाचा. दुसऱ्याच दिवशी, २६ मार्च १९६४ रोजी, राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी घटनेच्या कलम १४३ अन्वये पाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे अभिप्रायासाठी पाठविले.

इंग्लंडचा वारसा आणि भारताची घटना

वादाचे मूळ घटनेच्या कलम १९४ मध्ये होते. विधिमंडळे स्वतः कायदा करून आपले विशेषाधिकार निश्चित करीत नाहीत तोपर्यंत ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सला असलेले विशेषाधिकार त्यांनाही असतील, अशी तरतूद त्यात होती. कोणत्याही विधिमंडळाने असा सर्वंकष कायदा केला नव्हता. त्यामुळे लखनौतील भांडणाचे उत्तर शोधण्यासाठी लंडनचा इतिहास उघडावा लागला.

त्या इतिहासात १८४० सालचे एक उदाहरण प्रसिद्ध होते. न्यायालयाच्या आदेशाची अंमलबजावणी केली म्हणून मिडलसेक्सच्या शेरीफांना हाउस ऑफ कॉमन्सने कैदेत टाकले होते. कैदेच्या वॉरंटमध्ये कारण नमूद नव्हते. अशा सर्वसाधारण वॉरंटच्या मागे जाऊन चौकशी करण्यास इंग्लंडच्या न्यायालयाने नकार दिला. उत्तर प्रदेश विधानसभेचे म्हणणे असे की, हाच विशेषाधिकार घटनेने आम्हालाही दिला आहे. म्हणजे सभागृहाने एखाद्या नागरिकाला तुरुंगात पाठविले तर कोणतेही न्यायालय त्याचे कारण विचारू शकत नाही.

विधानसभेची बाजू महाराष्ट्राचे महाधिवक्ता एच. एम. सीरवाई यांनी मांडली. आपण हजर झालो म्हणजे सभागृहाने या न्यायालयाचा अधिकार मान्य केला असे समजू नये, असे त्यांनी प्रारंभीच नोंदविले. न्यायाधीशांच्या बाजूने माजी महान्यायवादी एम. सी. सेटलवाड उभे राहिले. मुंबईच्या वकीलवर्गातील हे दोन दिग्गज आणि त्याच न्यायालयातून पुढे आलेले सरन्यायाधीश, असा तो योग होता. अभिप्रायाची प्रक्रिया सुरू असतानाच, मे महिन्यात, पंतप्रधान नेहरू यांचे निधन झाले आणि लालबहादूर शास्त्री यांचे सरकार आले.

सात न्यायाधीशांच्या पीठाने ३० सप्टेंबर १९६४ रोजी आपले मत दिले. सहा न्यायाधीशांच्या वतीने ते सरन्यायाधीशांनी लिहिले होते. त्यातील मुख्य विवेचन असे. ब्रिटनमध्ये लिखित घटना नाही आणि तेथे संसद सर्वश्रेष्ठ आहे. भारतात मात्र घटना सर्वश्रेष्ठ असून विधिमंडळ, शासन आणि न्यायालय या तिघांनाही त्यांचे अधिकार घटनेकडूनच मिळतात. हाउस ऑफ कॉमन्सला कारण न देता कैद करण्याचा अधिकार मिळाला, कारण ब्रिटिश संसद प्राचीन काळी न्यायालयही होती. भारतातील विधिमंडळे कधीही न्यायालये नव्हती. म्हणून तो अधिकार वारशाने त्यांच्याकडे येऊ शकत नाही. नागरिकाचे जीवित आणि स्वातंत्र्य यांचे संरक्षण करणारे कलम २१ आणि उच्च न्यायालयांना आदेश काढण्याचा अधिकार देणारे कलम २२६ ही कलम १९४ च्या बरोबरीने वाचली पाहिजेत.

या विवेचनात कलम २११ ला विशेष महत्त्व होते. उच्च न्यायालयाच्या वा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने कर्तव्य बजावताना केलेल्या वर्तनाची चर्चा राज्याच्या विधिमंडळात करता येणार नाही, असे हे कलम सांगते. ज्या वर्तनाची चर्चाही करता येत नाही, त्याबद्दल सभागृह न्यायाधीशाला अवमानाची शिक्षा कशी देऊ शकेल, हा या कलमातून निघणारा तर्क निर्णायक ठरला. याचिका ऐकण्याचा खंडपीठाला अधिकार होता आणि न्यायाधीश व वकील यांनी सभागृहाचा अवमान केला नव्हता, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला.

हे मत त्यांनी जाणीवपूर्वक मर्यादित ठेवले. सभागृहाचा सदस्य नसलेल्या नागरिकाने सभागृहाबाहेर केलेल्या कृत्यापुरतेच ते आहे, असे स्पष्ट करण्यात आले. सभागृहाच्या कामकाजातील केवळ पद्धतीच्या उणिवांवर न्यायालयाने बोट ठेवू नये, ही घटनेच्या कलम २१२ मधील मर्यादाही मान्य करण्यात आली. अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार अत्यंत संयमाने वापरावा, हा इशारा विधिमंडळांइतकाच न्यायाधीशांनाही उद्देशून होता.

सातवे न्यायाधीश न्या. ए. के. सरकार यांनी विशेषाधिकारांच्या मुख्य प्रश्नावर भिन्न मत दिले. घटनाकारांनी हाउस ऑफ कॉमन्सचे विशेषाधिकार भारतीय विधिमंडळांना पूर्णपणे दिले आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १६ मार्च १९६६ रोजी गजेंद्रगडकर यांच्यानंतर तेच सरन्यायाधीश झाले.

या अभिप्रायाने सर्वांचे समाधान झाले नाही. १९६५ साली मुंबईत भरलेल्या पीठासीन अधिकाऱ्यांच्या परिषदेने विशेषाधिकारांविषयीच्या कलमांत दुरुस्तीची मागणी केली. सरकारने ती मान्य केली नाही. केशव सिंग यांची मूळ याचिका अलाहाबाद उच्च न्यायालयाने मार्च १९६५ मध्ये फेटाळली. सभागृहाच्या आदेशाची तपासणी करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे हे सिद्ध झाले, मात्र प्रत्यक्ष तपासणीत सभागृहाची शिक्षा टिकली. न्यायालयाने अधिकार असणे आणि तो प्रत्येक वेळी वापरणे यांत अंतर ठेवले, हे यातून लक्षात येते.

संयमाची दुसरी बाजू

न्या. गजेंद्रगडकर यांना केवळ न्यायालयीन वर्चस्वाचे पुरस्कर्ते मानणे अयोग्य ठरेल. केशव सिंग प्रकरणातील अभिप्रायानंतर बरोबर एका महिन्याने, ३० ऑक्टोबर १९६४ रोजी, त्यांनी सज्जन सिंग विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्याचा निकाल दिला. जमीनसुधारणेशी संबंधित ४४ कायद्यांना नवव्या परिशिष्टात संरक्षण देणाऱ्या सतराव्या घटनादुरुस्तीला त्यात आव्हान होते. घटनादुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार मूलभूत हक्कांनाही लागू होतो, असे मत त्यांनी बहुमताच्या वतीने मांडले. न्या. हिदायतुल्ला आणि न्या. जनार्दन मुधोळकर यांनी दुरुस्ती मान्य केली, पण या व्यापक विधानाबद्दल शंका उपस्थित केली. घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यांना धक्का लावणे हे दुरुस्तीच्या व्याख्येत बसते काय, हा मुधोळकरांचा प्रश्न १९७३ सालच्या केशवानंद भारती खटल्यात मध्यवर्ती ठरला.

मार्च १९६६ मध्ये, निवृत्तीच्या काही दिवस आधी, नरेश मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाचे बहुमत त्यांनी लिहिले. मुंबई उच्च न्यायालयात चाललेल्या एका बदनामीच्या दाव्यातील साक्ष प्रसिद्ध करू नये, असा तोंडी आदेश तेथील न्यायाधीशांनी दिला होता आणि पत्रकारांनी त्याला आव्हान दिले होते. न्यायालयाच्या आदेशाने मूलभूत हक्काचा भंग होतो असे म्हणता येणार नाही, त्यावर अपिलाचाच मार्ग आहे, असे बहुमताने ठरविले. न्या. हिदायतुल्ला यांनी याला विरोध केला. विधिमंडळाच्या आदेशाची तपासणी होऊ शकते, मग न्यायालयाच्या आदेशाची त्याच कसोटीवर का नाही, असा प्रश्न टीकाकारांनी नंतर उपस्थित केला. त्यांच्या कारकिर्दीतील ही विसंगती नाकारता येत नाही.

जानेवारी १९६६ मधील त्यांचा आणखी एक निकाल उल्लेखनीय आहे. स्वामिनारायण पंथाच्या सत्संगींनी आपला पंथ हिंदू धर्माहून वेगळा असल्याचे सांगून दलितांच्या मंदिरप्रवेशाच्या कायद्यातून सूट मागितली होती. ती नाकारताना न्या. गजेंद्रगडकर यांनी हिंदू धर्माच्या स्वरूपाची विस्तृत मीमांसा केली. साताऱ्याच्या शास्त्री घराण्यातील विद्या येथे मंदिराचे दार उघडण्याच्या कामी आली.

न्यायाधीशांवर देखरेख कोणाची

न्यायाधीशाच्या वर्तनाची चर्चा विधिमंडळात करता येत नाही, या नियमाला घटनेने एकच अपवाद ठेवला आहे. सिद्ध झालेले गैरवर्तन किंवा अक्षमता या कारणांवरून न्यायाधीशाला पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव संसदेत येतो तेव्हा ही चर्चा होऊ शकते. ही प्रक्रिया ठरविणारे विधेयक न्या. गजेंद्रगडकर सरन्यायाधीश असताना, १९६४ साली, संसदेत प्रथम आले. त्याला अंतिम रूप १९६८ च्या न्यायाधीश चौकशी कायद्याने मिळाले. या कायद्यात दोन्ही संस्थांचा वाटा काळजीपूर्वक ठरविलेला आहे. लोकसभेच्या किमान १०० किंवा राज्यसभेच्या किमान ५० सदस्यांनी सूचना द्यावी लागते. ती दाखल झाल्यास सर्वोच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश, उच्च न्यायालयाचे एक मुख्य न्यायमूर्ती आणि एक नामवंत कायदेपंडित यांची समिती चौकशी करते. समितीने दोषी ठरविले तरच प्रस्ताव पुढे जातो आणि प्रत्येक सभागृहात विशेष बहुमत मिळवावे लागते.

न्या. व्ही. रामस्वामी यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष न्या. पी. बी. सावंत हे होते. समितीने दोषी ठरवूनही मे १९९३ मध्ये सत्ताधारी पक्षाचे सदस्य तटस्थ राहिल्याने लोकसभेत प्रस्ताव संमत झाला नाही. ऑगस्ट २०११ मध्ये न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा प्रस्ताव राज्यसभेने संमत केला आणि लोकसभेत तो येण्यापूर्वी त्यांनी राजीनामा दिला. न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठी संसदेने २०१४ साली राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग स्थापन करणारी घटनादुरुस्ती केली. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ती रद्द ठरविली. १९६४ साली लखनौत सुरू झालेला संवाद अशा रीतीने वेगवेगळ्या रूपांत चालूच राहिला.

निवृत्तीनंतरचे कार्य

१५ मार्च १९६६ रोजी निवृत्त झाल्यावरही त्यांचे सार्वजनिक कार्य थांबले नाही. ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि १९६९ साली त्याचा अहवाल सादर केला. जम्मू-काश्मीरमधील प्रादेशिक असमतोलाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचेही ते प्रमुख होते. १९७१ ते १९७७ या काळात त्यांनी केंद्रीय विधी आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले. १९७२ साली त्यांना पद्मविभूषण किताबाने गौरविण्यात आले.

विधी आयोगाच्या अध्यक्षपदी असताना १९७१ सालच्या पंचविसाव्या घटनादुरुस्ती विधेयकावर आयोगाने अहवाल दिला. एखादा कायदा विशिष्ट मार्गदर्शक तत्त्वांसाठी केला आहे, असे विधिमंडळाने घोषित केले की न्यायालयाने ती घोषणा तपासूच नये, अशी त्यात तरतूद होती. ती वगळावी, अशी शिफारस आयोगाने केली. संसदेने ती स्वीकारली नाही. केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विधेयकातील नेमका हाच भाग रद्द ठरविला.

१२ जून १९८१ रोजी मुंबईत न्या. गजेंद्रगडकर यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र त्यांच्या पश्चात १९८३ साली प्रसिद्ध झाले.

आजचे संदर्भ

विशेषाधिकारांचा सर्वंकष कायदा संसदेने अद्याप केलेला नाही. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हाउस ऑफ कॉमन्सचा उल्लेख काढून टाकला, तरी विशेषाधिकार पूर्वीप्रमाणेच अलिखित राहिले. त्यामुळे प्रत्येक नव्या वादात १९६४ च्या अभिप्रायाकडे वळावे लागते. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात बडतर्फ झालेल्या खासदारांच्या याचिकांवर २००७ साली निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली, पण सभागृहाची कृती घटनेच्या चौकटीत आहे की नाही हे पाहण्याचा आपला अधिकार सोडला नाही. महाराष्ट्र विधानसभेने जुलै २०२१ मध्ये बारा आमदारांना एका वर्षासाठी निलंबित केले होते. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिवेशनाच्या पुढील काळासाठीचे ते निलंबन घटनाबाह्य ठरविले.

गोरखपूरच्या एका कार्यकर्त्याला झालेल्या सात दिवसांच्या शिक्षेतून हा प्रश्न उभा राहिला होता. त्या वेळी न्यायाधीशांना सभागृहासमोर आरोपी म्हणून उभे केले गेले असते, तर सभागृहाच्या आदेशाविरुद्ध दाद मागणाऱ्या नागरिकाची याचिका पुढे कोणत्या न्यायाधीशाने निर्भयपणे ऐकली असती, हे सांगणे कठीण आहे. न्या. गजेंद्रगडकर यांच्या अभिप्रायाने सभागृहाचा मान कमी केला नाही आणि न्यायालयालाही अमर्याद अधिकार दिले नाहीत. दोघांचीही मर्यादा घटनेत आहे, एवढेच त्याने ठरविले. ही मर्यादा पाळण्याचे काम मात्र प्रत्येक पिढीतील सभागृहाला आणि न्यायालयाला नव्याने करावे लागते.